आत्याच्या हातचा घास

६ जानेवारी, सोमवार

पोहोचले. साखरखेर्ड्याहून सकाळी सातची एसटी धरली, चिखलीला बदलली, खामगावला पुन्हा बदलली आणि अडीचच्या सुमारास जळगाव जामोदला उतरले. शेवटच्या तासात समोर सातपुडा दिसू लागला. गाडीतल्या कुणीच तिकडे पाहिलं नाही, मी मात्र मान वेळावून पाहत होते. शेजारच्या बाईनं विचारलं की पोरी, डोंगर कधी पाह्यला नाही का तू.

शरयूआत्या स्टँडवर घ्यायला आली होती. ट्रस्टच्या या तीस खाटांच्या रुग्णालयात ती चौदा वर्षं मेट्रन आहे आणि इथं तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. महिनाअखेरीस ती निवृत्त होईल. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर तिचा सत्कार आहे. ‘तीस वर्षांत आजारपणाची एकही रजा नाही’ असा कागद आताच सूचनाफलकावर लागला आहे. तो वाचून मला अभिमान वाटला.

माझं काम तीन महिन्यांचं. या थंडीत फ्लू फार आहे; कुणाला कधी ताप आला, तो कुणाकडून आला, रुग्णांकडून कर्मचाऱ्यांना जातो की उलट, याची नोंद ठेवायची. माझं नाव आत्यानंच सुचवलं. लहानपणी दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. आत्या तेव्हा आमच्या घरी राहून साखरखेर्ड्यात नोकरी करायची. आई शाळेत शिकवायला जायची, आणि मला आत्या शिकवायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून. पाहिलं तेवढंच लिहायचं, पाहिलं त्याच दिवशी लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते. हे नियम मी अजून पाळते. ही वहीही तशीच लिहीन.

रात्री मुगाची खिचडी होती. पहिला घास तिनं स्वतः कालवला, फुंकर मारून निववला आणि मला भरवला. चोवीस वर्षांच्या मुलीला. तिची बोटं गरम लागली. खिचडी गरम होती.

७ जानेवारी, मंगळवार

आज काम समजून घेतलं. डॉ. आल्हाद इथले मुख्य डॉक्टर, तरुण आहेत, भरभर बोलतात. त्यांनी एक नियम सांगितला, तो इथे लिहून ठेवते. रुग्ण दाखल झाल्यावर तीन दिवस उलटून गेले आणि मग ताप आला, तर तो ताप त्यानं घरून आणला नाही. तो इथं लागला.

मी रजिस्टर आखलं. नाव, खाट, दाखल तारीख, ताप सुरू झाल्याची तारीख, कुठून लागला, परिणाम. शिवाय पुठ्ठ्यावर वॉर्डाचा नकाशा काढून खाटांच्या जागी टाचण्या लावल्या. ज्याचा ताप ज्याच्याकडून आला असेल, तिथून तिथवर लाल दोरा न्यायचा.

रजिस्टर पाहून डॉक्टर म्हणाले की आधी त्यांना वाटलं हे बाईंनीच आखलंय, दोघींचं अक्षर एक आहे. असणारच. माझा हात धरून तिनंच गिरवून घेतलं.

आणखी एक गोष्ट. जो रुग्ण जेवत नाही त्याला पहिला घास बाईंनी भरवायचा, अशी इथली रीत आहे. पिंपळगाव काळे गावापासून लोक सांगत येतात, बाईंच्या हातचा घास पोटात गेला की माणूस उठून बसतो. विमलबाई म्हणून आया आहेत, त्यांनी सांगितलं की नातेवाईक घास भरवून झाल्याशिवाय डॉक्टरला हातही लावू देत नाहीत. आत्या चौदा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. मास्क खाली ओढते, घासावर फुंकर मारते, भरवते. मी मास्कबद्दल हळूच म्हटलं. ती हसली. मास्कमधून फुंकर कशी जाणार, रेवू, म्हणाली.

८ जानेवारी, बुधवार

खाट चारवरचे किसनराव, वय ७१, मांडीचं हाड मोडून ३० डिसेंबरला आलेले, त्यांना आज ताप १०१. म्हणजे इथं लागला. आसलगावचे आहेत. बोलायला मोकळे. मला म्हणाले, "काऊन वं बाई, टाचणीले दोरा बांधून माहा ताप पकडशीन का?"

सायंकाळपर्यंत नऊ आणि सतरा. दोघांनाही इथंच लागला असणार. पण खाटा चार, नऊ, सतरा एकमेकींजवळ नाहीत. नऊ तर बायकांच्या बाजूला, भिंतीपलीकडे. फ्लूचे जे तीन रुग्ण बाहेरून आले ते वेगळ्या खोलीत आहेत, आणि त्यांची नर्स या तिघांकडे गेलेली नाही. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडली.

दोरा कुठून न्यायचा ते कळत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

हे नीट लिहिते.

दुपारी जेवून आले आणि रजिस्टर उघडलं. किसनरावांच्या ओळीत ताप सुरू: २९ डिसेंबर. कुठून लागला: घरून. मी ८ जानेवारी लिहिलं होतं. आता तिथं खाडाखोड नाही. पान नवीन आहे, जुनं निघालेलं आहे, आणि सगळ्या ओळी माझ्या अक्षरात आहेत. ‘ळ’ची गाठसुद्धा माझी.

मी लिहिलं असेल का? थकव्यात? पण पान फाडणं माझ्याकडून होणार नाही. मी आडवी रेघ मारली आणि वर ८ जानेवारी लिहिलं. नऊ आणि सतराच्याही तारखा तशाच दुरुस्त केल्या. आत्याला सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. नवी जागा आहे, झोप होत नसेल, म्हणाली.

ती खोकत होती. कापसाच्या गाड्यांची धूळ, असं म्हणाली.

११ जानेवारी, शनिवार

रजिस्टरमध्ये खाट अकरा, केसरबाई, ताप सुरू: २ जानेवारी, घरून आलेला.

मी लगेच अकराकडे गेले. केसरबाई पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या आहेत. खाटेवर मांडी घालून ओला हरभरा सोलत होत्या. ताप ९८.४. स्वतः पाहिला. नर्सच्या तक्त्यात २ तारखेपासून रोज दोन वेळा ताप नाही, नाही, नाही.

ज्या बाईला ताप नाही तिचा ताप माझ्या अक्षरात लिहिलेला आहे.

रेघ मारली. वर लिहिलं, ताप नाही.

१२ जानेवारी, रविवार

केसरबाईंना ताप. १०२. अंग दुखतंय म्हणून कण्हताहेत. हरभऱ्याची टरफलं अजून खाटेखाली आहेत.

रजिस्टरला एक दिवस आधी कळलं होतं.

१३ जानेवारी, सोमवार

किसनराव सकाळी सव्वादहाला गेले. फ्लू फुप्फुसात उतरला, डॉक्टर म्हणाले. त्यांचा मुलगा गोकुळ काठी आणि पटका घेऊन पायरीवर बसून होता. त्यानं मला विचारलं की हाड मोडून आलेला माणूस खोकल्यानं कसा मेला. उत्तर शोधायलाच मी इथं आहे.

डॉक्टर उद्यापासून सहा दिवस बाहेरगावी जाणार आहेत. सोमवारी, २० तारखेला परत येतील तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी आहे: पहिला कोण. तेच वर कळवायचं आहे आणि किसनरावांच्या घरच्यांनाही सांगायचं आहे. पहिला कोण ते नक्की लिहा, म्हणाले, ही गोष्ट एखाद्याच्या माथी आयुष्यभर राहते.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आत्या तिळगूळ घेऊन खाटेखाटेशी गेली. ज्यांना उठवत नाही त्यांना स्वतःच्या बोटांनी भरवला. सगळे तिच्या पाया पडत होते. मलाही दिला. मी तोंड उघडलं. सवय.

मग मागच्या अंगणात विमलबाई चादरी वाळत घालत होत्या. मी सहज विचारलं की चार, नऊ, सतरा आणि अकरा यांच्यात काय सारखं आहे. त्यांनी विचारही केला नाही. चौघंही जेवत नव्हते, त्यांना बाईंनी घास भरवला.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाईले त तीन तारखेपासून ताप हाये. गोळ्या खाऊन राह्यल्या अन् काम करून राह्यल्या. तुमाले माईत नाही? घरात राह्यता ना तुमी."

नकाशाच्या मधोमध एक टाचणी लावली. तिला खाट नाही. तिच्यापासून चार दोरे नेले. कुठेच अडकले नाहीत.

सहा तारखेची गरम बोटं. खिचडी नव्हती ती गरम.

१५ जानेवारी, बुधवार

तिला विचारलं. रात्रभर वाक्य जुळवत होते, शेवटी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं आणि नुसतं बोट ठेवलं.

ती नाही म्हणाली नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. चष्मा पुसला आणि समजावून सांगितलं, पूर्वी बेरीज समजवायची तशी. सुरुवातीला साधा घसाच होता. फ्लू आहे हे कळेपर्यंत तिघांना घास देऊन झाले होते, केसरबाईंना तर कळल्यावरही दिला. नंतर तिला ठाऊकच होतं की त्यांना ताप येणार. म्हणून येण्याआधीच घरून आल्याचं लिहून टाकलं. रजा घेतली असती तर लोकांनी विचारलं असतं. घास थांबवला असता तरी विचारलं असतं. ज्या हातानं माणसं उठतात त्या हातानं माणूस गेला, हे तिला ऐकवणार नाही.

मग तिनं माझा पेन घेतला आणि समासात लिहिलं, ‘किसनराव’. माझ्या हातात दिला. मीही लिहिलं. तिनं विचारलं, "यातलं तुझं कोणतं, सांग बघू."

मला सांगता आलं नाही.

मग ती रडली. सोमवारी डॉक्टरांना स्वतःच सांगीन म्हणाली, तोवर तू कुणाला बोलू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. मी हो म्हटलं. आता हलकं वाटतंय. तिनं मला शिकवलं, ती खोटं बोलणार नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

मला ताप. १०१.४. संक्रांतीपासून बरोबर दोन दिवस.

विलगीकरणाची नियमावली पहिल्या आठवड्यात मीच लिहिली आणि डॉक्टरांची सही घेतली. कर्मचारी आजारी पडल्यास मागच्या खोलीत सात दिवस. आत एकाच नेमलेल्या व्यक्तीनं जायचं. आतली कोणतीही वस्तू बाहेर आणायची नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा. कडी बाहेरून, म्हणजे रुग्ण तापात भटकणार नाही. तेव्हा हे फार विचार करून लिहिलं होतं.

नियम सगळ्यांना सारखा. मी स्वतः चालत आले.

नेमलेली व्यक्ती आत्या आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

ताप १०२. अंगात कुणी वाळू भरल्यासारखं. आत्या वाटी घेऊन येते, मऊ भात, मेतकूट. मास्क खाली. फुंकर. मी म्हटलं मी माझी खाईन. ती म्हणाली तुझे हात कापताहेत, आणि ते खरं होतं.

आईशी बोलायचं होतं. आत्या म्हणाली फोन झाला, मीच बोलले, तुला विश्रांती हवी.

अकरा ते एक काय झालं ते आठवत नाही. त्याआधी आत्यानं दिलेली गोळी पांढरी होती. तापाची गोळी मला ओळखता येते. ती नव्हती.

१८ जानेवारी, शनिवार

विमलबाई खिडकीशी आल्या. काच बंद. मी खुणेनं रजिस्टर मागितलं. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी पान उघडून काचेला लावून धरलं आणि हसल्या, माझी करमणूक होईल म्हणून.

नवीन पान. एकही आडवी रेघ नाही. किसनराव ८ जानेवारी. नऊ, सतरा ८ जानेवारी. केसरबाई १२. सगळ्या तारखा खऱ्या, माझ्या. मी भांडून दुरुस्त केलेल्या.

आणि सगळ्यांच्या वर एक नवी ओळ. रेवती. ताप सुरू: ६ जानेवारी. कुठून: साखरखेर्ड्याहून येताना. पुढे, आल्या दिवसापासून ताप लपवून वॉर्डात वावरली.

सहा तारखेपासून दोन दिवस. आठ. बरोबर बसतं. माझ्या खऱ्या तारखा तिच्या खोट्याला कामी आल्या.

माझ्याच अक्षरात.

शेवटचा रकाना, परिणाम. बाकीच्यांचा रिकामा आहे, फक्त किसनरावांचा भरलेला. आणि माझा.

मृत्यू. २० जानेवारी.

विमलबाईंना काचेतून ओरडून सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. मग मागे पाहिलं आणि रजिस्टर पदराखाली घेऊन गेल्या. मागे कोण होतं ते मला दिसलं नाही. दिसलं.

१८, सायंकाळ

तिला विचारलं. काऊन, असंच तोंडात आलं, किसनरावांसारखं. का. ती माझे केस विंचरत होती. म्हणाली, "तू लहान आहेस, रेवू. तुला लोक विसरतील."

ही वही तिनं पाहिली. हातात घेऊन चाळली. नियमाप्रमाणे बाहेर नेता येत नाही, म्हणाली, आणि उशाशी परत ठेवली. जपून ठेवली.

तिला ही वही हवी आहे. यात लिहायला.

म्हणून. यापुढे माझी प्रत्येक नोंद ‘आई’ या शब्दानं सुरू होईल. हा नियम तिनं शिकवलेला नाही. पुढच्या पानापासून पाळीन. हे पान मी घडी करून गादीच्या फटीत ठेवते आहे, नंतर परत जागेवर लावीन. ज्या नोंदीत आई नाही ती माझी नाही.

१९ जानेवारी, रविवार

आई, गोळी जिभेखाली धरली, मग उशीच्या अभ्र्यात. दोन झाल्या. तिसरी तिनं पाण्याबरोबर, नाक दाबून — लहानपणी औषध द्यायची तशी.

आई, ताप किती ते कळत नाही. थर्मामीटर ती बघते. मला सांगत नाही. लिहिते.

आई, तीही खोकते आहे. दारापलीकडे. खोकून झालं की हसून आत येते. आज भिंतीला धरून आली.

१९, दुपार

आई — घास. तोंड मिटलं. ती थांबली. फुंकर मारत राहिली. भात गार झाला तरी फुंकर. तोंड उघड बाळ. मी उघडलं.

का उघडलं मी

१९

आई घडीचं पान परत लावलं. उद्या डॉक्टर. उद्या दहाला. दहापर्यंत जागं राह

आई ती उद्या सांगणार म्हणाली होती. मी विश्वास ठेव

२० जानेवारी, सोमवार

आज खूप बरं वाटतं आहे. मन शांत आहे. आत्यानं माझी फार सेवा केली. तिच्यासारखी माणसं आता उरली नाहीत. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. सहा तारखेला मी आले तेव्हाच माझ्या अंगात ताप होता आणि नोकरी जाईल या भीतीनं मी तो लपवला. किसनरावांचा मृत्यू माझ्यामुळे झाला. त्यांच्या मुलाची मी क्षमा मागते. यात कुणाचाही दोष नाही. आत्याला तर काहीच ठाऊक नव्हतं. या वहीतली आधीची पानं मी तापाच्या भरात लिहिली, त्यांत काही खरं नाही. मागाहून वाचणाऱ्याचा गैरसमज नको, म्हणून ती पानं मी आता माझ्या हातानं फा

आई, पेन मी घेतला. ती खाली बसली आहे, खोकते आहे, उठता येत नाही. तोंड उघडून माझ्याकडे बघते. वाटीत भात आहे. दहाला पाच कमी. बाहेर डॉक्टरांची गाडी वाजली. दाराला कडी बाहेरून लागली आहे आणि ती आत, मग बाहेरून कडी कुणी